जमीन किती हलते? नाशिक ते औंढा

गुरुवार, नाशिक

प्रश्न मृणालचा. माझी भाची, भौतिकशास्त्रात एमएस्सी करते, आणि ती वादात हरलेली मी तरी पाहिलेली नाही. गुरुत्वीय लहरी, म्हणजे कृष्णविवरांसारख्या जड वस्तू आदळल्या की अवकाशात उठणारे तरंग, टिपणारी लायगोची वेधशाळा भारतात होतेय ती हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. "ज्योतिर्लिंगाशेजारचीच जागा हवी होती तर आपलं त्र्यंबक काय वाईट होतं, मामा?" असं तिनं गमतीत विचारलं. मग ठरलं, की आधी नाशिकची बाजू पुराव्यानिशी तपासायची आणि नंतर औंढ्याला जाऊन समोरच्या पक्षाचं ऐकायचं.

पुराव्यासाठी तिनं एक जिओफोन मिळवला होता. मुठीएवढा डबा, आत चुंबक, त्याच्याभोवती स्प्रिंगवर टांगलेली तारेची कॉइल, खाली जमिनीत खुपसायला खिळा. जमीन थरथरली की चुंबक हलतं, कॉइल मागे राहते आणि तारेत इवलासा विद्युतप्रवाह उमटतो. तो लॅपटॉपवर घेतला की सेकंदाला किती वेळा थरथर होतेय याचा आलेख दिसतो. मी सातपूरला कारखान्यात मेंटेनन्सला होतो. कुठल्या मोटरचं बेअरिंग गेलंय, कुठलं अलाइनमेंट सुटलंय हे असल्याच आलेखांवरून ओळखण्यात माझी नोकरी सरली, त्यामुळे यंत्र नवं असलं तरी भाषा ओळखीची होती.

सकाळी रामकुंडावर गेलो. सिंहस्थाची कामं सुरू असल्यानं नदीकाठी कुठे खोदकाम, कुठे काँक्रीट, आणि पलीकडच्या रस्त्यावर व्हायब्रेटरी रोलर. पायरीजवळच्या मातीत खिळा दाबला आणि पडद्यावर तीस हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तीस थरथरींच्या, आसपास सरळ खांब उभा राहिला. रोलर थांबला की खांब खाली, चालू झाला की वर. "हे बघ, पहिला उमेदवार बाद," मृणाल म्हणाली.

तेवढ्यात शेजारी पिंडाला कावळा शिवला आणि त्या घरच्यांचे चेहरे सैलावले. तिनं मला तिथेच हॅनफर्डच्या कावळ्यांची गोष्ट सांगितली. अमेरिकेत लायगोच्या दोन वेधशाळा आहेत, एक वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला आणि दुसरी लुइझियानात लिव्हिंगस्टनला. २०१७ मध्ये हॅनफर्डच्या नोंदींत अधूनमधून विचित्र टकटक दिसायला लागली. शोधता शोधता शास्त्रज्ञ इमारतीबाहेरच्या द्रवरूप नायट्रोजनच्या नळीपाशी पोचले. थंडगार नळीवर बर्फ साचत होता आणि तहानलेले डोमकावळे तो टोचत होते. चोचीचा धक्का नळीतून आत जाऊन लेझरच्या नोंदीत उमटत होता. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या कृष्णविवरांसाठी बांधलेल्या यंत्राला कावळा शिवला होता म्हणायचं.

चोचीनं बिघडावं इतकं नाजूक यंत्र मोजतं तरी काय? इंग्रजी एल अक्षराच्या आकारात काटकोनात दोन बाहू, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. कोपऱ्यातून लेझरचा एक झोत दोघांत वाटून पाठवायचा, टोकाच्या आरशांवरून परत आणायचा आणि एकत्र करायचा. दोन्ही वाटा ठरल्यासारख्या असतील तर झोत एकमेकांना खोडून टाकतात आणि अंधार पडतो. गुरुत्वीय लहर आली की एक बाहू ताणला जातो, दुसरा आखडतो, आणि अंधारात किंचित उजेड गळतो. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर सापडली तेव्हा ४ किलोमीटर लांबीत पडलेला फरक साधारण ४ भागिले दहाचा अठरावा घात मीटर होता, म्हणजे प्रोटॉनच्या व्यासाचे दोन-तीन सहस्रांश. मी आयुष्यभर मायक्रॉनवर भांडलो. हा आकडा ऐकून मी विषय बदलला आणि आम्ही मिसळ खायला गेलो.

रात्री दिंडोरी तालुक्यात, मित्राच्या द्राक्षबागेत. मोजायची वेळ मुद्दाम रात्रीची, सगळं निजल्यावरची. रस्त्यावर गाडी नाही, वारा नाही, आलेख जमिनीला टेकलेला. मला वाटलं, नाशिकची बाजू इथे भक्कम होणार. मग थ्री-फेज आली. शेतीला ती पाळीपाळीनं मिळते आणि त्या आठवड्यात पाळी रात्रीची होती. ऑटो स्विचवरच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या आणि ४८ हर्ट्झवर असा खांब उभा राहिला की रामकुंडाचा रोलर परवडला. हा आकडा मला पाठ आहे. विहिरीतली नाहीतर बोअरमधली दोन पोलची मोटर ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला २८८० च्या आसपास फेरे घेते, भागिले ६० म्हणजे सेकंदाला ४८.

मृणाल मात्र गंभीर झाली. २०१५ ची ती पहिली लहर ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली होती, ०.२ सेकंदात. म्हणजे आमच्या मोटरी नेमक्या त्याच वाटेवर बसलेल्या. मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "कृष्णविवरांना सांगा, दिवसा या. रात्री पाणी भरायचंय."

शुक्रवार, देवळाली आणि इगतपुरी

देवळालीत फार वेळ घालवला नाही. तोफखान्याच्या सरावाचा आवाज नाशिककरांना नवा नाही, आणि लष्करी हद्दीजवळ जमिनीत खिळे ठोकत बसणं शहाणपणाचंही नाही. स्टेशनच्या बाजूला एका ओळखीच्या अंगणात जिओफोन ठेवला, दोन मालगाड्या गेल्या आणि देवळाली बाद झाली.

इगतपुरीची मला आशा होती. तिथल्या धम्मगिरी विपश्यना केंद्रात माणसं मौनात बसतात, एवढी शिस्तशीर शांतता जिल्ह्यात दुसरीकडे नाही. पण माणसं गप्प बसली म्हणून जमीन गप्प बसत नाही. कसारा घाटाचा चढ १ ला ३७, त्यामुळे वर येणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं ढकलतात. ती पूर्ण ताकदीनं घाट चढत येतात तेव्हा आलेखाचा खालचा भाग, एक ते दहा हर्ट्झचा, उकळायला लागतो. असल्या मंद थरथरीचा बंदोबस्त सगळ्यात अवघड. लिव्हिंगस्टनलाही आगगाड्यांचा त्रास आहेच आणि तिथल्या नोंदींत गाडी गेल्याचं कळतं. शिवाय समुद्राच्या लाटा अख्ख्या खंडाला पाच-दहा सेकंदांच्या ठेक्यात हलवत असतात. आमच्या जिओफोनला तो ठेका ऐकू येत नाही. त्यासाठी मोठा भूकंपमापक लागतो, आमच्या दिंडोरी रोडवरच्या मेरी संस्थेत असतो तशा जातीचा.

स्टेशनबाहेर एका इमारतीचं काम चालू होतं. गवंड्याकडून मृणालनं ओळंबा मागून घेतला. "मामा, हात हळू हलव." हात हलला तसा ओळंबाही त्याच्याबरोबर गेला. "आता भराभर हलव." हात थरथरतोय आणि ओळंबा मात्र जवळजवळ जागच्या जागी. लायगोचा आरसा असाच टांगलेला असतो, ती म्हणाली. ४० किलोचा, शुद्ध काचेचा, ३४ सेंटिमीटर व्यासाचा, आणि एका ओळंब्याला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, तिसऱ्याला चौथा. शेवटच्या टप्प्यात तो ज्या धाग्यांवर लटकतो ते धागेही काचेचेच, ०.४ मिलिमीटर जाडीचे. प्रत्येक टप्पा वरची भराभर थरथर गाळत खाली नेतो. हळू हलणाऱ्या हाताचं काय, तर त्यासाठी वरच्या मंचालाच संवेदक आणि उलट दिशेनं ढकलणारी यंत्रणा. कारखान्यात आम्ही मशीनखाली रबरी पॅड घालायचो आणि फाउंडेशन बोल्ट आवळायचो. तेव्हा प्रश्न मशीनची थरथर जमिनीत जाऊ नये असा असायचा, इथे नेमका उलटा. गवंडी हे सगळं ऐकत होता. त्यानं ओळंबा परत घेतला आणि भिंतीला लावून बघितला, बहुधा आम्ही काही बिघडवलं नाही ना म्हणून.

येताना समृद्धीचा बोगदा आठवला, इगतपुरीजवळचा, जवळपास ८ किलोमीटरचा. मी म्हटलं, डोंगराच्या पोटात का नाही बांधत? जपाननं तेच केलंय. कामिओकाच्या खाणीत, डोंगराखाली काग्रा नावाची वेधशाळा आहे, ३ किलोमीटर बाहूंची, आणि तिचे नीलमाचे आरसे अतिशीत तापमानाला वापरण्यासाठी घडवलेले. खाली थरथर खरंच कमी. तरी १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपानं तिचंही नुकसान झालं. मुद्दा मला पटला, पण बोगद्यातून ताशी शंभरनं ट्रक जात असताना त्याला अर्थ नव्हता.

शनिवार, अंजनेरी आणि त्र्यंबक

नाशिकची सगळ्यात चांगली नोंद अंजनेरीच्या पायथ्याजवळ, पहाटे मिळाली. आलेख खरोखर शांत होता. मृणालनं दोनदा तार तपासली, डबा चालू आहे ना म्हणून. मी मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता.

पण मान वर केली आणि समोर ब्रह्मगिरी. बाहू ठेवणार कुठे? एकमेकांना काटकोनात, ४-४ किलोमीटर अगदी सरळ. झोत वाकत नाही, पृथ्वी वाकते. ४ किलोमीटरमध्ये तिचा बाक मीटरभराहून जास्त भरतो, आणि तेवढासुद्धा लायगोच्या बांधकामात हिशेबात धरावा लागला. तिथे आमच्याकडे एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मधे जिथे सपाटी आहे तिथे त्र्यंबकचा रस्ता. त्या नळ्याही साध्या नाहीत. १.२ मीटर रुंद, आत हवा जवळजवळ शून्य, वातावरणाच्या दाबाचा लाखकोटीवा हिस्सा. हवेचे रेणूसुद्धा झोताच्या वाटेत नको असतात. नऊ वाजता वारा सुटला आणि कड्यावरून उतरणाऱ्या वाऱ्यानं झाडं हलली. झाडांची मुळं हलली की जमीन हलते. पडद्यावर गवतासारखी दाट रेघ उगवली.

त्र्यंबकला दर्शनाची रांग मोठी होती. रांगेत मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, अंजनेरीचा आकडा तरी चांगला आला. मृणाल म्हणाली, "पहाटे पाचचा. २०२७ च्या पर्वणीला मोज." मी गप्प झालो. नाशिक हे जागतं गाव आहे, त्याची थरथर हीच त्याची कमाई. रेल्वे, कारखाने, बागा, यात्रा, यातलं एक जरी थांबलं तरी मी पहिला ओरडेन.

रविवार, रस्त्यात

सिन्नरजवळ समृद्धीला लागलो, जालन्याला उतरलो, पुढे मंठा, जिंतूर. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की जालन्यानंतर वेग निम्मा झाला आणि गप्पा दुप्पट.

मला एक कोडं सुटत नव्हतं. मोटरी, गाड्या, वारा, समुद्र, कावळे, एवढ्या गदारोळात ०.२ सेकंदाची लहर ओळखतात कशी? याचं उत्तर बरंचसं पुण्याचं आहे. आयुका या तिथल्या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्येच यावर शोधनिबंध लिहिला होता, पहिली लहर सापडायच्या चोवीस वर्षं आधी. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत जवळ येतात तेव्हा लहर कशी चढत जाईल, हे आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून आधीच काढून ठेवायचं. वेगवेगळ्या वजनांच्या जोड्यांचे असे असंख्य साचे करायचे आणि आलेल्या नोंदीवर एकेक साचा सरकवत बघायचं, कुठे बसतो का. गोंगाट साच्यात बसत नाही, लहर बसते. शिवाय एकच वेधशाळा म्हणते म्हणून कोणी विश्वास ठेवत नाही. २०१५ ला लिव्हिंगस्टननं आधी ऐकलं आणि सुमारे ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डनं, ३००० किलोमीटर दूर. एकच कावळा दोन्हीकडे टोचू शकत नाही.

तिसरी वेधशाळा हवी ती त्यातूनच. दोन कानांनी आवाज आला एवढं कळतं, नेमका कुठून ते धड कळत नाही. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे आदळले तेव्हा इटलीतली व्हर्गोही चालू होती. तिला जवळजवळ काही ऐकू आलं नाही, आणि त्यानंच काम झालं. या वेधशाळांना डोक्यावरून किंवा पायाखालून आलेली लहर छान ऐकू येते, पण बाहूंच्या पातळीतल्या काही दिशांना त्या बहिऱ्या असतात. व्हर्गो बहिरी राहिली, त्यावरून लहर साधारण कुठल्या पट्ट्यातून आली ते ठरलं आणि शोध २८ चौरस अंशांवर आला. तासाभरात नव्हे, पण त्याच रात्री दुर्बिणींनी १३ कोटी प्रकाशवर्षांवरची ती आकाशगंगा गाठली. भारतातली वेधशाळा अमेरिका, इटली आणि जपान या सगळ्यांपासून लांब असेल, म्हणून तिची भर मोठी.

सोमवार, औंढा नागनाथ

सकाळी देवळात. गाभारा जमिनीखाली, अरुंद पायऱ्यांनी वाकत उतरायचं. नंदी देवळाच्या मागे आहे. नामदेवांना कीर्तनासाठी मागच्या बाजूला पाठवलं तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी कथा. विसोबा खेचरांनी पिंडीवर पाय ठेवून "देव नसेल तिकडे ठेव" असं नामदेवांना सांगितलं ते याच ठिकाणी. मृणाल नंदीजवळ उभी राहून म्हणाली, "व्हर्गोला असं फिरता आलं असतं तर." लायगोचे बाहूही एकदा बांधले की फिरत नाहीत. पृथ्वी फिरते, तेवढंच.

प्रकल्पाच्या जागेत जायचा आमचा बेत नव्हता. परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि आम्हाला जमीन हवी होती, कुंपण नव्हे. गावापासून लांब, ज्वारी आणि हरभऱ्याच्या मधल्या बांधावर परवानगी घेऊन जिओफोन लावला. सपाटी नजर पोचेल तिथवर. दहा मिनिटांत तीन माणसं जमली.

"पाणाड्या हाईत का? किती फुटांवर हाय?"

जमिनीत काहीतरी खुपसून वाट बघणारा माणूस मराठवाड्यात एकाच कामासाठी येतो. मृणालनं लॅपटॉप दाखवला, ते निराश झाले, पण थांबले. आलेख अंजनेरीच्या पहाटेइतकाच शांत होता, आणि ही सकाळची साडेदहाची वेळ होती. मधेच २४ हर्ट्झवर बारीक खांब आला. मी म्हटलं, १४४० फेऱ्यांची मोटर कुठेतरी चालू आहे. एक जण हसला. पलीकडच्या वाडीत हळद पॉलिश करायचा ड्रम लावलाय म्हणाला. फेब्रुवारी म्हणजे इथे हळद काढून, शिजवून, वाळवून झाल्यावरचे दिवस. त्यानं फोन केला, ड्रम थांबवायला सांगितला, आणि खांब गेला. त्याला स्वतःलाच इतकी मजा वाटली की त्यानं तो पुन्हा सुरू करायला लावला.

मग दुसराच एक जण म्हणाला, "पण आमची जमीन हलती की. मागं भूकंप झाला." बरोबर होतं. २१ मार्च २०२४ ला सकाळी दहा मिनिटांच्या अंतरानं दोन धक्के बसले, मोठा ४.५ चा. १० जुलैला पुन्हा ४.५. वसमतकडच्या पांगरा शिंदे भागात जमिनीतून आवाज येतात हे तर सगळ्या मराठवाड्याला माहीत. मृणालनं समजावलं, की असा धक्का बसला तर वेधशाळेचा झोत जुळणीतून सुटतो, आरसे स्थिर झाले की पुन्हा जुळवतात. जगातल्या लांबच्या मोठ्या भूकंपांनीही असं होतं. वेधशाळेला रोजचा, न थांबणारा गोंगाट जास्त छळतो, अधूनमधूनचा धक्का नाही. माणूस म्हणाला, "आम्हाला मात्र उलटं."

शेवटी चहाच्या टपरीवर. मालकानं सरळ विचारलं, इथे किती पोरं कामाला लागतील? फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी, एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींना अंतिम मंजुरी, आयुका, इंदूरचं आरआरकॅट हे लेझर संशोधन केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, दशकाअखेरीचं उद्दिष्ट, हे सगळं मृणालला तोंडपाठ होतं. पोरांचा आकडा तिच्याकडे नव्हता. मी माझ्या परीनं खरं ते सांगितलं: अशा वेधशाळेला आजूबाजूला खडी क्रशर, मोठे कारखाने, अवजड वाहतूक नको असते. ज्या जिल्ह्याला मागास म्हणत इतकी वर्षं काही दिलं नाही, त्या न देण्यामुळेच ही जागा निवडली जाण्याइतकी शांत राहिली. याचा मोबदला गावाला काय, हे आधी ठरायला हवं, नुसत्या अभिमानावर भागवू नये, असं माझं मत.

"म्हणजे आमी गप बसायचं आन् त्यांनी ऐकायचं," तो म्हणाला.

मृणालनं मोबाइलवर २०१५ ची लहर त्याला ऐकवली. कानाला ऐकू येईल अशी सरकवलेली, खालून वर जाणारी एक छोटी शीळ. त्यानं फोन कानाला लावला, पुन्हा ऐकवायला सांगितलं, मग गिऱ्हाइकांना ऐकवली.

"एवढीच?"

"एवढीच. सव्वाशे कोटी वर्षांहून जुनी."

"आन् ह्याच्यासाठी सव्वीसशे कोटी?"

मृणालनं दप्तरातून वही काढली आणि एल काढायला घेतला. टपरीवरचे बाकीचे बाक ओढून जवळ आले. आम्हाला तिथून निघायला दुपारचे दोन वाजले.